ज्योतीराम सरांचा डावा कान

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये ज्योतीराम बिराजदारने तेवीस वर्षं काढली, आणि त्या तेवीस वर्षांत त्याच्या हातांपेक्षा कानाचंच कौतुक जास्त झालं. पत्रा दाबणारं यंत्र नीट चाललं असलं की कसं वाजतं आणि पत्र्याला आकार देणारी डाय बोथट व्हायला लागली की कसं वाजतं, हे त्याला शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कळायचं. सुपरवायझर नव्या पोरांना सांगायचा, "मोजमापं नंतर घ्या, आधी बिराजदारला विचारा." कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ज्योतीराम ते खिशात ठेवायचा. बोळे घातल्यावर यंत्र ऐकू कसं येणार, असं त्याचं म्हणणं. कुणी फार आग्रहही केला नाही.

निलंगा तालुक्यातल्या गावाहून तो एकोणिसाव्या वर्षी इकडे आला होता. गावाकडे भजनात बसायचा, गळा बरा होता, एवढंच. पण कंपनीतल्या एका मित्राच्या बहिणीचं लग्न खडकीच्या चर्चमध्ये होतं, तिथे तो गेला आणि तिथलं गाणं ऐकून जागच्या जागी खिळला. गावच्या भजनात वीसजण एकच चाल म्हणत. इथे आठजण चार वेगवेगळ्या चाली म्हणत होते आणि कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. लग्न लागलं, लोक जेवायला गेले, हा मात्र ऑर्गन वाजवणाऱ्या साळवे मास्तरांपाशी जाऊन उभा राहिला. "मास्तर, हे शिकता येतं का?" मास्तर सत्तरीचे. त्यांनी याचे ग्रीस लागलेले अंगठे बघितले आणि म्हणाले, "रविवारी ये." पुढची अकरा वर्षं तो दर रविवारी गेला. मास्तर वारले तेव्हाच ते रविवार थांबले.

पुढे कंपनीने प्रेसचा विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आणि ज्योतीराम घरी बसला. बायको कस्तुरा डबे करायची, त्यावर घर चालत होतं. तेव्हा त्याने वृंद उभा केला. नाव ठेवलं 'चौसूर'. भोसरी, दिघी, मोशी, चिखली इथल्या कामगारांची मुलं-मुली त्याने एकेक करून गोळा केली. कुणी आयटीआयचं, कुणी डिप्लोमाचं, कुणी नर्सिंगचं. आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्याने चार आवाजांत बसवल्या. दिघीच्या एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल आठवड्यातले चार दिवस रिकामा असायचा, तिथे तालीम. भिंतींना मसालेभाताचा वास कायमचा चिकटलेला. पहिली दोन वर्षं लोक हसले. तिसऱ्या वर्षी एका कंपनीच्या वार्षिक समारंभात ते गायले आणि दुसऱ्या दिवशी चार फोन आले. आठ वर्षांत सोळा गळ्यांचा पक्का संच झाला. मानधन घेऊन गाणारा, गणवेशातला, बोलावणं आल्यावर तारीख बघून उत्तर देणारा. ज्योतीराम बिराजदारचा 'सर' झाला.

त्या सोळांत सगळ्यात वरच्या सुरांची ओळ निलोफरची. वय एकवीस. तिचे वडील चांदभाई यांचं दिघीत दुचाकीचं गॅरेज होतं, तीन पिढ्यांपासूनचं घर. पोरगी शाळेत गायली ती ज्योतीरामने ऐकली आणि स्वतः गॅरेजवर गेला. चांदभाईंनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"सर, नातेवाईक नावं ठेवतील. ठेवू देत. पण तिथं तिला मान मिळणार असेल तरच पाठवतो. मान मिळाला, तर मी एकेकाचं तोंड बंद करतो."

"माझ्या पोरीसारखी सांभाळीन," ज्योतीराम म्हणाला.

आणि खरंच सांभाळली. चार वर्षं तालीम संपली की तिला आणि तिच्या घराकडच्या आणखी दोघींना रिक्षात बसवल्याशिवाय तो हॉलला कुलूप लावत नसे. चांदभाईंच्या मेहुण्याने एकदा भर लग्नात विचारलं, "पोरीला गाण्याबजावण्यात घातलीस?" तेव्हा चांदभाईंनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून त्याच्यासमोर धरलं. त्यात निलोफरचा फोटो होता.

गेल्या जानेवारीत चाकणच्या एका परदेशी कंपनीचं बोलावणं आलं. नव्या प्लांटचं उद्घाटन होतं, आणि गाणं पसंत पडलं तर वर्षभराचा करार. वृंदाचा बाहेरचा व्यवहार गणराज बघायचा. चोवीस वर्षांचा, खर्जातला आवाज, बोलण्यात तरबेज. तो नाचायचाच बाकी होता. "सर, हे झालं ना, की आपल्यातल्या निम्म्यांना नोकरीच्या मागं लागायची गरज नाही."

ज्योतीरामने नवीन ओवी बसवायला घेतली. तिच्या शेवटी निलोफरचा आवाज एकटा वर चढतो, बाकी पंधरा खाली थांबतात. पहिल्याच तालमीत तो आवाज वर गेला आणि ज्योतीरामचा हात थबकला.

"उतरतेयस, निलोफर."

तिने पुन्हा म्हटलं.

"अजून उतरतेयस. ऐक जरा नीट."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पुढच्या तालमीला तेच. आठवडाभर तेच. निलोफर घरी रोज तानपुऱ्याचं ॲप लावून बसायला लागली. गरम पाणी, मध, ज्येष्ठमध, सगळं झालं. ज्योतीराम समोर उभा राहायचा, त्याच्या डाव्या हाताला मुली, आणि तो वरचा सूर आला की त्याचा चेहरा दाताखाली खडा आल्यासारखा व्हायचा. तो नाटक करत नव्हता. त्याला तो सूर खरोखरच उतरलेला ऐकू येत होता. तेवीस वर्षं ज्या कानाने त्याला दगा दिला नव्हता, त्या कानावर शंका घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात निलोफर मोबाइल घेऊन पुढे आली. "सर, हे बघा ना. सूर दाखवणारं ॲप आहे. मी गाते, तुम्ही सुई बघा." तिने गायलं. सुई मधोमध उभी राहिली.

सगळे बघत होते. ज्योतीरामने मोबाइलकडे बघितलंच नाही. साळवे मास्तरांसमोर तो कधी तोंड वर करून बोलला नव्हता, आणि ही कालची पोरगी त्याला यंत्र दाखवत होती.

"सूर यंत्राला कळतो का मला?" तो म्हणाला. "बेसूर गायचं आणि वर पुरावे आणायचे? चार वर्षं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं. तू बस खाली. वरची ओळ स्वरूपा म्हणेल."

स्वरूपा निलोफरच्याच शेजारी उभी राहायची, तिच्या खालची ओळ म्हणायची. तिचा गळा एवढ्या वर जात नव्हता. मग तिच्यासाठी अख्खं गाणं दोन सूर खाली आणलं. खाली आणल्यावर ज्योतीरामला ते स्वच्छ ऐकू आलं. "बघा, आता कसं लागलं!" तो म्हणाला. पोरं आपापल्या वह्यांत बघत राहिली. निलोफरने ओढणी सारखी केली, पिशवी उचलली आणि गेली. त्या दिवशी तिला रिक्षात बसवायला कुणी उठलं नाही.

दोन दिवसांनी चांदभाई हॉलवर आले. तालीम सुरू व्हायच्या आधीच आले, सगळ्यांसमोर बोलणं नको म्हणून.

"सर, एक विचारतो. खरं सांगा. नाव बघून काढलंत का? वरून कुणी काही बोललं का? तसं असेल तर सांगा, मी राग धरणार नाही. आमाला सवय आहे. पण पोरीला बेसूर म्हणू नका. ती दोन दिवस जेवली नाही."

ज्योतीराम दुखावला. मनापासून दुखावला. "चांदभाई, तुम्ही मला ओळखत नाही का? माझ्याकडं नावाला किंमत नाही, सुराला आहे. ती बेसूर गायली म्हणून बसवली. माझी सख्खी मुलगी असती तरी हेच केलं असतं."

चांदभाईंनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. "म्हणजे तुमच्या मते खरंच तिचा गळा वाईट."

"हो."

"बरं," म्हणून ते निघून गेले. वर्तमानपत्राचं कात्रण दाखवून ज्यांना गप्प केलं होतं, ते नातेवाईक आता काय बोलत असतील, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ज्योतीरामनेही विचारलं नाही.

चाकणचा कार्यक्रम झाला. टाळ्या मिळाल्या, करार झाला, गणराजने पेढे वाटले. निलोफरचा डिप्लोमा झालेलाच होता. महिन्याभरात ती चाकणच्याच एका वायरिंगच्या कारखान्यात क्वालिटीला, माल तपासायला लागली, पहिल्या शिफ्टला.

एप्रिलमध्ये ज्योतीरामने पेटी दुरुस्तीला टाकली. आबाजी म्हणून आळंदीला पेट्या करणारे जुने कारागीर, वारकरी विद्यार्थ्यांच्या पेट्या त्यांच्याकडेच यायच्या. पेटी परत आणली आणि दुसऱ्याच दिवशी ज्योतीराम ती घेऊन तावातावाने आळंदीला गेला.

"आबाजी, वरचे सूर उतरलेत सगळे. हे काय काम झालं?"

आबाजींनी भाता ओढला, वरच्या पट्ट्या एकेक करून वाजवल्या. मग दुसरी पेटी घेतली, तिच्यावर वाजवल्या. "न्हाई बा. दोन्ही एकच बोलत्यात."

"ही पण उतरलीय."

"ही नवी हाय. काल जुळवली." आबाजींनी त्याच्याकडे निरखून बघितलं. मग त्याला तळहाताने स्वतःचा डावा कान घट्ट दाबायला लावला आणि वरची एक पट्टी वाजवली. सूर चोख लागला. मग त्यांनी उजवा कान दाबायला लावला आणि तीच पट्टी पुन्हा वाजवली.

ज्योतीरामने पेटीवरची पट्टी बघितली. आबाजींचं बोट तिथंच होतं. सूर मात्र खाली घसरला होता.

"सर," आबाजी हळू आवाजात म्हणाले, "पेटी ऱ्हाऊ द्या. कान दाखवा कुनाला तरी."

भोसरीत कान तपासणाऱ्या बाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि बटण दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर कागदावर एक रेघ दाखवली. रेघ सरळ येत येत एका जागी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती.

"प्रेस शॉपला होतात ना? मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं असंच होतं. डावा जास्त गेलाय. शिवाय वरचे सूर डाव्याला वेगळे ऐकू येतात. आहेत त्यापेक्षा खालचे. असं होतं काहींचं."

"कधीपासून?"

"एका दिवसात नाही होत काका हे. जाणवेपर्यंत बरंच पुढं गेलेलं असतं. कानाला मशीन लावून आवाज मोठा येईल, पण सूर जागेवर येईलच असं सांगता येणार नाही."

घरी कस्तुराने ताट वाढलं. तो भाताकडे बघत बसला.

"आवं, काय म्हनल्या बाई? ऑपरेशन सांगितलं का?"

"न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "ती पोरगी सुरात होती, कस्तुरा."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वरूपाला तालमीच्या आधी तासभर बोलावून घेतलं आणि कागद दाखवला. आपल्या तोंडून हे ऐकून पोरगी हादरेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. स्वरूपाने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"तुला कळत होतं?" त्याने विचारलं. "निलोफर सुरात होती, हे तुला तेव्हा कळत होतं?"

"सगळ्यांनाच कळत होतं, सर."

बाहेर कुणीतरी मंगल कार्यालयाच्या खुर्च्या ओढत होतं.

"मग मी चुकतोय असं कुणी का नाही म्हणालं?"

"तुम्ही चुकताय असं नाही वाटलं आम्हाला." स्वरूपा अडखळली. "सर, तुमचा कान चुकेल असं कुणाच्या मनात येणार? आम्हाला वाटलं, वरून कुणीतरी सांगितलं असेल. मोठा कार्यक्रम, मोठे पाहुणे... नावामुळं. आणि तुम्हाला तसं बोलता येत नाही म्हणून तुम्ही सुराचं कारण काढलंत."

"मी असं करीन, असं वाटलं तुम्हाला?"

"वाईट वाटलं सर. पण करार होता ना. गणराज म्हणाला, सरांचापण नाइलाज असेल, विषय वाढवू नका."

ज्योतीराम खाली बसला. ज्या पोरांना त्याने श्वास कुठे घ्यायचा इथपासून शिकवलं, ती चार महिने त्याच्यासमोर उभी राहून गात होती. तो नीच वागलाय असं समजून गात होती. आणि रोज पाया पडत होती.

रविवारी सकाळी तो चांदभाईंच्या घरी गेला. निलोफरला सुट्टी होती. त्याने कागद समोर ठेवला आणि जे होतं ते सांगितलं, काही राखलं नाही. चांदभाईंच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती दारात थांबली.

"तू सुरात होतीस," तो म्हणाला. "सुई बरोबर होती. चूक माझ्या कानाची होती. मला माफ कर, बाळ."

निलोफरने कागदावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तुम्ही ऐकलं नाही ते कानामुळं, सर. समजलं. पण मी मोबाइल दाखवला तेव्हा तुम्ही बघितलंसुद्धा नाही. ते कशामुळं?"

त्याने कागदाची घडी घातली.

"परत ये," तो म्हणाला. "तुझी ओळ तुझीच आहे."

"नाही जमणार. मी नंतर घरी गाऊन बघितलं. वर गेलं की भीती वाटते. आपण खरंच सुरात आहोत का, कळेनासं होतं. सारखी सुई बघावी लागते. आणि सुई मधोमध असली तरी खरं वाटत नाही." ती हे रागाने बोलत नव्हती. कारखान्यात मालातला दोष सांगतात तशा आवाजात बोलत होती. "असं नाही गाता येत, सर."

चांदभाईंनी एवढंच म्हटलं, "बोललात सगळ्यांसमोर. शब्द मागं घ्यायचा तर तोही सगळ्यांसमोर घ्या."

त्याने ते केलं. पुढच्या तालमीला सोळाजण उभे होते. निलोफरच्या जागी एप्रिलमध्ये एक नवीन मुलगी घेतली होती. मागच्या खुर्चीत चांदभाई बसले होते. निलोफर आली नाही. ज्योतीराम बोलायला उभा राहण्याआधी गणराज त्याच्या जवळ आला.

"सर, आपल्यात सांगा, पण बाहेर जाऊ देऊ नका. वृंदाच्या सरांनाच ऐकू येत नाही, हे कंपनीला कळलं तर करार राहील का?"

"तुला काय वाटलं होतं तेव्हा, गणराज? नावामुळं काढली म्हणून?"

गणराजने मान खाली घातली. "सर, जाऊ द्या ना आता."

ज्योतीरामने सगळ्यांसमोर सांगितलं. कान, प्रेस शॉप, पेटी, सगळं. निलोफर एकदाही बेसूर गायली नव्हती, असं दोनदा सांगितलं. बोलून झाल्यावर चांदभाई उठले. ज्योतीरामकडे त्यांनी बघितलंच नाही. ते पोरांच्या रांगेसमोर येऊन उभे राहिले.

"तुमचे कान तर चांगले होते ना?"

एकजण उगाच मोबाइल चाचपत राहिला. चांदभाई बाहेर गेले, आणि त्यांच्या गाडीची किक दोनदा ऐकू आली.

पंधरा दिवसांनी वृंदाने ज्योतीराम सरांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मोठी फ्रेम. फ्रेमवर 'आद्य गुरू व मार्गदर्शक' असं लिहिलं होतं. गणराजने छान भाषण केलं. सरांनी आता प्रकृती जपावी, असं तो म्हणाला. नवीन संचालक पुण्याहून येणार होते, पियानोची परीक्षा दिलेले. स्वरूपा रडली. ज्योतीरामने नारळ हातात घेऊन सगळ्यांना नमस्कार केला आणि रिक्षाने घरी आला. चौसूर आजही गातो. ओव्या त्याच्याच आहेत. निवेदक हल्ली त्यांना पारंपरिक रचना म्हणतो.

कस्तुराच्या डब्यांचं काम वाढलं होतं, तिने एक बाई मदतीला ठेवली होती. पण ज्योतीरामला घरी बसवेना. मोशीच्या एका गोदामात माल उतरवून घेऊन नोंद करायचं काम त्याने धरलं. सकाळी सहाच्या आधी तो भोसरीच्या स्टॉपवर उभा राहायला लागला. कंपन्यांच्या बसही तिथूनच सुटायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला निलोफर दिसली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कानात इअरफोन. तिने त्याला बघितलं, मान हलवली आणि जागेवरच उभी राहिली. त्यानेही मान हलवली.

असे बरेच दिवस गेले. एकदा तिची बस उशिरा होती. तो हिय्या करून जवळ गेला, उजवा कान तिच्याकडे येईल असा उभा राहिला.

"काय ऐकतेस?" त्याने विचारलं.

तिने एक इअरफोन काढला. "काय म्हणालात?"

"काय ऐकतेस म्हटलं. गाणं?"

"नाही सर. काहीच नाही. नुसते लावलेले असतात." तिने रस्त्यावर बस येतेय का बघितलं. "लावले की कुणी बोलत नाही."

बस आली. निलोफर पुढच्या दाराने चढली.